डास उडत येत नाही, आपणच त्याला टेम्पोत घालून आणतो

मृगाचा पाऊस पडला की खेड्यापाड्यांत दोन ठिकाणी गर्दी होते. पहिली बी-बियाणांच्या दुकानात आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी दुसरी दवाखान्यात. दुकानात आपला शेतकरी दहा प्रश्न विचारतो. पिशवीवरचा लॉट नंबर बघतो, उगवणशक्ती विचारतो, पावती मागून घेतो. दवाखान्यात मात्र तोच शेतकरी हाताला सलाईन लावून पडतो आणि एवढंच म्हणतो, "गावात साथ आलीय." साथ आली ती कुठून आली, कशावर बसून आली, तिला वेशीतून आत कोणी घेतलं, हे कोणी विचारीत नाही. डाळिंबावर तेल्या दिसला तर रोपं कुठल्या रोपवाटिकेतून आणली याची चौकशी होते. घरातली चार माणसं एकदम तापानं पडली तर तशी चौकशी का होऊ नये?

वास्तविक डास हा आरोग्य खात्याचा विषय. आमचं खातं पिकाचं. पण डास हाही एक कीटकच आहे. बोंडअळी, फळमाशी, लष्करी अळी यांच्यासारखाच तोही अंडी, अळी, कोष आणि पूर्ण वाढलेला कीटक अशा चार अवस्थांतून जातो. कीड कुठं वाढते, कशातून पसरते आणि तिची साखळी कुठं तोडायची, हे शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून हा विषय शेतीच्या पानावर मांडायला हरकत नसावी.

गटारातला डास वेगळा, टिपाडातला वेगळा

पारावर हा विषय काढला की एखादे आबा हमखास म्हणतात, "सायब, आमच्या आज्यापासनं गावात डास हायती. आत्ताच काय नवीन झालं?" आबांचं खोटं नाही. डास जुनाच आहे. पण सगळे डास एका जातीचे नसतात, हे आधी ध्यानात घेतलं पाहिजे.

गटारात, शोषखड्ड्यात, सांडपाण्याच्या डबक्यात जो वाढतो तो क्युलेक्स. तो रात्री चावतो आणि हत्तीरोगाचा प्रसार करतो. ओढ्याकाठी, कालव्याच्या पाझरात, भातखाचरात जो वाढतो तो अ‍ॅनोफिलीस. त्याच्यामुळं हिवताप होतो. हे दोघे गावाचे जुने रहिवासी म्हणायला हरकत नाही. तिसरा एडिस. रंगानं काळा, पायांवर पांढरे पट्टे, आणि चावणार ते दिवसाउजेडी; सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही रोग हा एकटा पसरवतो. याला गटार चालत नाही. याला लागतं स्वच्छ, साठवलेलं पाणी. म्हणजे आपण प्यायला आणि वापरायला भरून ठेवतो तेच.

इथंच गावाची गफलत होते. डेंग्यूचा रुग्ण सापडला की पहिली ओरड होते ती गटारं साफ करण्याची. गटारं साफ व्हायलाच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण गटार आरशासारखं लखलखीत केलं तरी डेंग्यू हटत नाही. कारण त्याचा डास गटारात नाही, न्हाणीघरातल्या टिपाडात आहे.

जहाजातून बंदरात, बंदरातून बाजारात

एडिस मूळचा आफ्रिकेतला. शेकडो वर्षांपूर्वी तो जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून समुद्र ओलांडून जगभरच्या बंदरांत उतरला. बंदरातून शहरात गेला आणि शहरात त्याला सगळं काही मिळालं. दाट वस्ती, टाक्या, कुंड्या, हौद, गच्चीवरचं भंगार आणि चावायला भरपूर माणसं. तो माणसाच्या सोबतीनं राहायला शिकला. जंगलात किंवा मोकळ्या शिवारात तो फारसा रमत नाही. पलंगाखाली, दोरीवरच्या कपड्यांमागं, कोपऱ्यातल्या अडगळीत तो बसून राहतो.

आपल्या देशातल्या साथींचा इतिहास पाहिला तर हीच वाट दिसते. १९६३-६४ साली कलकत्त्यात डेंग्यू आणि चिकुनगुनियाची मोठी साथ आली. १९६४ मध्ये मद्रासकडं चिकुनगुनिया पसरला. दोन्ही मोठी बंदरं. पुढं १९९६ साली दिल्लीत डेंग्यूचे दहा हजारांवर रुग्ण झाले आणि चारशेच्या वर माणसं दगावली. त्या वेळी गावाकडं वर्तमानपत्र वाचणारे म्हणत, "हे शहराचं दुखणं हाय, आपल्याला काय त्याचं?"

हिवतापाचीही एक शहरी वाट आहे. अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी नावाचा डास विहिरींत आणि टाक्यांत वाढतो. मुंबईतला हिवताप शहरातल्या विहिरींमुळं पसरतो, असं डॉ. बेंटले यांनी १९११ च्या अहवालात दाखवून दिलं आणि पुढं तिथल्या अनेक विहिरी बुजवण्याची, झाकण्याची मोहीम निघाली. तोच आशियातला डास २०१२ साली आफ्रिकेतल्या जिबूती या बंदराच्या गावी सापडला आणि तिथून शेजारच्या देशांत शिरला. म्हणजे आफ्रिकेचा एडिस आपल्याकडं आला आणि आपल्याकडचा स्टिफेन्सी आफ्रिकेत गेला. दोघांनाही माणसाच्या वाहनांनी आणि माणसाच्या पाणी साठवण्यानं पोचवलं.

एक प्रवासी अंड्यात, दुसरा रक्तात

आता मुख्य मुद्दा. शहरातला डास गावात येतो कसा? तो उडत येतो असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. एडिसचा पल्ला फार तर चारशे मीटरचा. बहुतेक डास तर जन्मले त्याच घराच्या आसपास आयुष्य काढतात. पुण्याचा डास पंख मारीत सोलापूर जिल्ह्यात येणं शक्य नाही.

तो येतो अंड्याच्या रूपात. एडिसची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. एका वेळी शंभरच्या आसपास अंडी, आणि तीही एकाच भांड्यात न घालता चार ठिकाणी विभागून. ही अंडी काळी, बारीक, नुसत्या डोळ्यांना काजळीसारखी दिसतात. पाणी आटलं तरी ती मरत नाहीत. कोरड्या भिंतीला चिकटून कित्येक महिने दम धरतात. पुन्हा पाणी चढलं की अळी बाहेर पडते आणि आठ-दहा दिवसांत डास तयार. ज्वारीचं बी कणगीत वर्षभर पडून राहतं आणि ओल मिळाली की उगवतं, तसाच हा प्रकार.

आता आपण शहरातून काय काय आणतो त्याचा हिशेब करा. भंगार बाजारातून दोनशे लिटरचे वापरलेले निळे बॅरल आणतो. फवारणीचं पाणी कालवायला, जनावरांना पाणी पाजायला, घरात साठवायला. जुने टायर आणतो. मुरघासाच्या खड्ड्यावर, कांदाचाळीच्या ताडपत्रीवर, पत्र्यावर वजन म्हणून ठेवायला. उन्हाळ्यात स्वस्तात मिळतो म्हणून जुना कूलर आणतो. लेकाच्या शहरातल्या खोलीवरची सिंटेक्सची टाकी टेम्पोत घालून आणतो. नर्सरीतल्या कुंड्या आणतो. यातल्या कशातही पाण्याचा थेंब नसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण आतल्या भिंतीला अंडी चिकटलेली असू शकतात. शेतकरी बॅरल आणतो, पाण्यानं भरतो आणि वर विचारतो, डास कुठनं आले!

टायरची गोष्ट तर जगभर गाजलेली आहे. एडिसचाच एक भाऊबंद, ज्याला टायगर डास म्हणतात, तो जपानकडून आलेल्या जुन्या टायरांतून अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात पोचला, हे १९८५ साली उघडकीस आलं. टायरला जसं ठेवाल तसं आत पाणी राहतंच आणि ते सहजासहजी सांडता येत नाही.

हा झाला पहिला प्रवासी. दुसरा प्रवासी म्हणजे रोगाचा विषाणू. तो येतो माणसाच्या रक्तातून. गावात नुसता डास असला म्हणून डेंग्यू होत नाही. त्याला विषाणू मिळावा लागतो. ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. या दिवसांत त्याला एडिसची मादी चावली की विषाणू तिच्या पोटात जातो. तिथं तो वाढायला आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर ती मादी जिवंत असेपर्यंत जिला-ज्याला चावेल त्याला प्रसाद देत राहते. आणि तो माणूस चार ते दहा दिवसांत आजारी पडतो.

हा हिशेब आपल्या पंचांगाला लावून पाहा. शहरात कामाला असलेला एखादा गणपतीला गावी येतो. अंगात कणकण असते, प्रवासाचा शीण म्हणून तो झोपून राहतो. विसर्जन होतं, तो माघारी जातो. पितृपंधरवड्यात त्याच्या घरातलं आणि शेजारच्या घरातलं माणूस तापानं पडतं. नवरात्रापर्यंत आळीच्या आळी झोपते. तोवर गणपतीतला ताप कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो.

अंडी आधी आली आणि विषाणू मागाहून, किंवा उलट, त्यानं फरक पडत नाही. दोघांची गाठ गावात पडली की साथ सुरू झाली.

गाजर गवताची आठवण ठेवा

ही गोष्ट शेतकऱ्याला नवी वाटू नये. गाजर गवत आपल्याकडं १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून त्याचं बी आलं असं सांगितलं जातं. म्हणून त्याला काँग्रेस गवत असंही नाव पडलं. त्या वेळी पुण्यातल्या चार झुडपांची कुणी फिकीर केली नाही. आज एक बांध दाखवा जिथं ते नाही! मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या मक्यात शिरली. कीड पहिल्यांदा दिसते तेव्हा ती दुसऱ्याची असते आणि आपली होते तेव्हा वेळ गेलेली असते. डासाबाबत आपण नेमके याच टप्प्यावरून पुढं आलो आहोत.

बार्शीपासून बेलसरपर्यंत

चिकुनगुनियाचं नाव नव्या पोरांना २००६ पासून माहीत झालं. पण आपल्या जिल्ह्याची त्याच्याशी ओळख फार जुनी आहे. १९७३ साली बार्शी शहरात चिकुनगुनियाची साथ आली होती. त्या वेळच्या पाहणीत साधारण ३७.५ टक्के लोक आजारी पडल्याची नोंद आहे. म्हणजे दर आठ माणसांत तिघं. बाजारपेठेचं गाव, रेल्वेचं गाव, पाणी साठवणारं गाव. पण त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं हा रोग देशातूनच जणू नाहीसा झाला. लोक विसरले, डॉक्टरही विसरले.

२००५ च्या अखेरीस तो आंध्र, कर्नाटकातून पुन्हा उठला आणि २००६ मध्ये देशभर सुमारे चौदा लाख संशयित रुग्ण झाले. त्यातले अडीच लाखांच्या घरात महाराष्ट्रातले. मालेगावसारख्या दाट वस्तीच्या शहरात तो गाजलाच, पण या वेळी तो शहराच्या वेशीवर थांबला नाही. नाशिक आणि मराठवाड्यातल्या खेड्यांत घरंच्या घरं आडवी झाली. माणसं वाकून, काठी टेकीत चालू लागली. ताप चार दिवसांत गेला, पण सांधे महिनोन् महिने धरून राहिले. ज्याच्या हाताची मूठ वळत नाही त्यानं विळा कसा धरायचा?

१९७३ ते २००६ या तेहतीस वर्षांत बदललं काय? रस्ते आले, टेम्पो आले, घरोघरी प्लास्टिकचं टिपाड आलं. पूर्वी बाया आडावरून पाणी शेंदून आणीत. रांजण, माठ दोन दिवसांत रिकामा होई आणि पुन्हा घासून भरला जाई. डासाला आठ-दहा दिवस मिळतच नसत. नंतर नळयोजना आली, आणि ती येणं गरजेचंच होतं. डोक्यावरचा हंडा उतरला हे चांगलंच झालं. पण नळाला पाणी कधी चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. मग घरात चार बॅरल भरून ठेवणं आलं. खाली शिल्लक पाणी तसंच, वरून नवीन भरायचं. टिपाड कधी तळाला जातच नाही. २०१९ पासून जल जीवन मिशनमध्ये आणखी घरांना नळ जोडले गेले. पण तोटी बसली म्हणजे पाणी रोज आलं असं होत नाही. शहरात जी परिस्थिती पन्नास वर्षांपूर्वी होती, ती आता वाडी-वस्तीवर आहे.

ताजं उदाहरण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरचं. जुलै २०२१ मध्ये त्या गावात तापाचे बरेच रुग्ण निघाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं नमुने तपासले तेव्हा त्यात चिकुनगुनिया निघाला, डेंग्यू निघाला आणि महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्णही तिथंच निघाला. मुंबईत नाही, पुण्यात नाही, एका खेड्यात! पुणे शहरात झिकानं डोकं वर काढल्याच्या बातम्या २०२४ मध्ये गाजल्या. तेव्हा हे शहराचं दुखणं आणि हे गावाचं, ही वाटणी आता सोडून दिली पाहिजे. शहरातून गावात आणि गावातून शहरात, हा रस्ता आता दुहेरी झाला आहे.

धुराच्या यंत्रावर किती दिवस?

साथ आली की ग्रामपंचायतीवर मोर्चा येतो, "धूर मारा." सरपंचही काहीतरी करून दाखवायचं म्हणून यंत्र बोलावतात. संध्याकाळी गल्लीतून धूर निघतो, पोरं मागं पळतात, फोटो निघतो, समाधान होतं. आता शेतकरी म्हणून विचार करा. धुरानं मरतो तो त्या वेळी समोर असलेला उडता डास. अंडी मरत नाहीत, टिपाडातली अळी मरत नाही. दुसऱ्या दिवशी नवे डास बाहेर पडतात. शिवाय एडिस बसलेला असतो घरात, कपड्यांमागं. आणि धुराचं यंत्र आलं की आपण पहिलं काम करतो ते दारं-खिडक्या लावून घेण्याचं! धूर गल्लीत, डास घरात.

पतंग उडताना दिसल्यावर औषध मारणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही सांगतो, दादा, तुझी वेळ चुकली, अंडीपुंज आणि लहान अळी असताना बंदोबस्त कर. एकच औषध वारंवार मारलं की कीड त्याला दाद देईनाशी होते, हे कापसात आपण पैसे मोजून शिकलो. डासालाही तेच लागू आहे. रुग्ण सापडलेल्या घराच्या आसपास आरोग्य खात्याच्या सांगण्यावरून धुरळणी करणं वेगळं. त्याला विरोध नाही. पण तोच एकमेव उपाय समजून वर्षभराचा खर्च धुरात घालवणं म्हणजे वाहत्या पाटाचं दार उघडं ठेवून शेतातलं पाणी उपसत बसण्यासारखं आहे.

मग करायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. डासाचा बंदोबस्त दवाखान्यात किंवा गल्लीत नाही, तर वेशीवर आणि टिपाडात झाला पाहिजे. त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली गोष्ट, बाहेरून आणलेलं वापरलेलं भांडं घासल्याशिवाय वापरात घ्यायचं नाही. बॅरल असो, टाकी असो की कूलरचा टब. काथ्या किंवा ताठ ब्रश घेऊन आतली भिंत वरपासून खालपर्यंत खरवडून घासायची. नुसतं विसळून किंवा उन्हात ठेवून भागत नाही, कारण अंडी सुकून चिकटलेली असतात. घासलेलं पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओतायचं. औषधाचा किंवा रसायनाचा बॅरल असेल तर तो पिण्याच्या पाण्याला वापरायचाच नाही, हे वेगळं सांगायला नको. टायर नको असतील तर आणूच नका. आणलेच तर त्यांना दोन-चार मोठी भोकं पाडा, म्हणजे पाणी थांबणार नाही. मुरघासावर वजनाला टायरऐवजी वाळूची पोती चालतात.

दुसरी गोष्ट, कोरडा दिवस. आठवड्यातून एक दिवस घरातलं प्रत्येक साठवणीचं भांडं रिकामं करून, घासून, पुसून कोरडं करायचं. आठवडी बाजाराचा आदला दिवस ठरवला तर लक्षात राहील. आठ दिवसांत एकदा साखळी तुटली की अळीचा डास होत नाही. जे भांडं रिकामं करणं शक्य नाही, ते झाकायचं. जुन्या साडीचं कापड तोंडावर ताणून, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधलं तरी काम होतं. कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, जनावरांचा हौद, अंगणातलं उखळ, नारळाच्या करवंट्या, सगळं यात आलं. गोठ्यातला मोठा हौद आणि न वापरातली विहीर यांत गप्पी मासे सोडावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केली तर मासे कुठं मिळतील ते कळतं. शेततळ्याला मात्र विनाकारण दोष देऊ नका. एडिसचं खरं घर शेततळं नसून घराभोवतीचे लहान साठे आहेत.

तिसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं गावाची स्वच्छता आणि आरोग्य हे पंचायतीच्या कामात घातलेलं आहे. स्टँडवरचं पंक्चरचं दुकान आणि भंगारवाल्याचं आवार ही गावातली पहिली तपासणीची जागा असली पाहिजे. माल झाकून, आडोशाला ठेवायला सांगावं. ऐकलं नाही तर नोटीस द्यावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी सोडण्याचं वेळापत्रक. पाणी कधी येणार याची खात्री नसली की बाई चारचे सहा बॅरल भरणारच, त्यात तिचा दोष नाही. पाणी थोडं असलं तरी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सोडलं तर निम्मी साठवण आपोआप कमी होईल. हे काम सरपंच आणि पाणी सोडणारा शिपाई मिळून करू शकतात. त्याला मंत्रालयातून मंजुरी लागत नाही.

चौथी गोष्ट तापाच्या माणसाची. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला ताप असेल तर त्यानं पाच दिवस दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपावं. त्यामुळे गावातल्या डासाला विषाणू मिळणार नाही. आशाताईंना लगेच कळवावं. शासनाच्या ठरावीक रुग्णालयांत डेंग्यूची रक्त तपासणी मोफत होते. मनानं ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नयेत; त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरू लागल्यावर असतो. ताप गेला, पण पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, नाका-हिरड्यांतून रक्त येतंय, माणूस गळून गेलाय, असं दिसलं तर क्षणभरही न थांबता मोठा दवाखाना गाठावा.

पोरांना दोष देऊ नका

इथं एका गोष्टीची जाणीव द्यावीशी वाटते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी अनेक गावांनी रस्त्यात काटे-दगड टाकून वेशी बंद केल्या. पुण्या-मुंबईहून पायी आलेली आपलीच पोरं शाळेत, शिवारात ठेवली. ती परिस्थिती वेगळी होती. पण डासाच्या रोगाला ते शहाणपण लावू नका. डेंग्यू एका माणसाकडून दुसऱ्याला शिंकून किंवा शिवून होत नाही. मध्ये डास लागतो. गावात डासच नसेल तर आजारी माणूस येऊन खुशाल चार दिवस राहून जाईल, कुणाला काही होणार नाही. म्हणून वेस माणसाला बंद करायची नाही, न घासलेल्या बॅरलला बंद करायची आहे.

"पाणीच मिळत न्हाई, तर साठवायचं न्हाई काय?" असं बायाबापड्या विचारतात. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. दुष्काळी भागात पाणी साठवू नका असं सांगणाऱ्यानं आधी डोक्यावर हंडा घेऊन पाहावा. साठवा, जरूर साठवा. फक्त झाका आणि आठवड्याला एकदा घासा. घासायला जे पाणी लागतं ते गोठ्यात किंवा परसातल्या झाडाला घालता येतं, वाया जात नाही. आणि हे काम एकट्या घरच्या लक्ष्मीवर टाकू नका. शंभर लिटरचं टिपाड कलतं करायला गड्याचा हात लागतो.

शेवटी खर्चाचं बोलू. ऐन सुगीत किंवा ऊसतोडीच्या तोंडावर घरातली दोन माणसं पंधरा दिवस आडवी झाली तर मजुरी बुडते, माल शेतात राहतो, दवाखान्याचं बिल वेगळं. हे नुकसान पंचनाम्यात येत नाही, विम्यात बसत नाही आणि त्याचं अनुदानही निघत नाही. एक काथ्या, जुन्या साडीचा तुकडा आणि आठवड्याचा अर्धा तास, एवढ्यात ते टळत असेल तर याहून स्वस्त पीक संरक्षण मी तरी पाहिलेलं नाही.

दरवर्षी १५ ऑगस्टला ग्रामसभा होते. डेंग्यूचा मोसम तेव्हा नुकताच तोंड काढत असतो. त्या सभेत रस्ता, गटार, घरकुल यांच्या यादीत आणखी तीन विषय घ्यावेत: गावाचा कोरडा दिवस कोणता, पाणी सोडण्याचा वार आणि वेळ कोणती, आणि भंगार-टायरच्या जागांची तपासणी कोण करणार. ठराव नुसता वहीत राहू नये म्हणून प्रत्येक आळीला एका माणसाचं नाव लिहावं. ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्य सेवक, आशाताई आणि आम्ही कृषी खात्याचे लोक वर्षभर याच गावातून हिंडत असतो. शेतीशाळेत बोंडअळीचे सापळे लावताना शेजारच्या बॅरलमध्ये डोकावून बघायला आम्हालाही वेगळा भत्ता लागत नाही.